अण्णाची गाडी एकदा बंद पडली होती

अण्णा,

तुला माती देऊन अजून आठवडासुद्धा झाला नाही. दारात माणसं येतात, चहा घेतात आणि उठताना प्रत्येकजण एकच सांगून जातो: अण्णाची गाडी कधी वाटेत बंद पडली नाही. स्टँडवरचे ड्रायव्हर सांगतात, ज्यांच्या नवरा-नवरीला तू मांडवात पोचवलंस ते सांगतात. मी भिंतीला टेकून ऐकते. एकदा पडली होती. त्या दिवशी गाडीत मी होते.

आपल्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात. तुलाही बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. मान जराशी उजवीकडं झुकलेली, गाडी मागं घेताना खिडकीतून बघायचास तशी. बायका रडत होत्या. मला रडू यायच्या आधी राग आला. म्हटलं, बघा, बसलाय समोर आणि अजून काही बोलत नाही.

कुणीतरी म्हणालं, आयुष्यभर गाडीचे पार्ट वेळेच्या आधी बदलले आणि स्वतःच्या छातीकडं बघितलं नाही. लोकांना असली वाक्यं लगेच सुचतात. मला तसलं काही म्हणायचं नाही. तुझ्या छातीचं डॉक्टरला ठाऊक. माझं तुझं भांडण आहे ते अँबॅसिडरच्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवरून, आणि ते अर्धंच राहिलंय.

आधी चांगलं सांगते, कारण तेही खरं आहे.

आपल्या घरात कॉलेजचं तोंड कुणी बघितलं नव्हतं. अप्पांचं भुसारी दुकान, अव्वाला सही यायची नाही, तू दहावीला आपटलास आणि स्टिअरिंग धरलंस. मी सायन्सला जाते म्हणाले तेव्हा अप्पा म्हणाले, पोरीच्या जातीला दिवाबत्ती लावता आली म्हणजे पुष्कळ झालं. तू जेवता जेवता म्हणालास, "मी नापास झालोय ते घराला पुरं हाय की. हिला शिकू दे." तुझा शब्द तेव्हा घरात चालायचा, कारण गाडी चालायची.

मी बी.एस्सी. झाले तेव्हा तू अख्ख्या स्टँडला पेढे वाटलेस. ड्रायव्हर लोक गाडीच्या मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहून घेतात. तू पेंटरकडून ‘गिरिजा बी.एस्सी.’ लिहून घेतलंस. अप्पांनी दुसऱ्याच दिवशी ब्लेडनं खरवडून काढायला लावलं, म्हणाले पोरीचं नाव गावभर फिरवतोस, लाज हाय का. खरवडलेली अक्षरं उन्हात काचेवर पुष्कळ दिवस दिसत होती. मला ती फार आवडायची.

आणि ते रविवार. तू बॉनेट उघडायचास आणि मी पुस्तक घेऊन शेजारी उभी राहायचे. कॉइल म्हणजे काय, बारा व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्ट कसे निघतात, पॉइंट उघडला की ठिणगी का पडते, ती ठिणगी कुठल्या प्लगला कधी द्यायची ते डिस्ट्रिब्युटर कसं ठरवतो. तू तोंड उघडं टाकून ऐकायचास. "म्हंजी पॉइंट उघडला की आत वीज पडतीया म्हण की," म्हणायचास, आणि संध्याकाळी स्टँडवर तेच स्वतःचं म्हणून सांगायचास. मला पुस्तकातली मिस्त्रीण म्हणायचास. बंद पडलेली एक जुनी कॉइल तू मला आणून दिलीस आणि मी ती स्वयंपाकघरात फोडली. आतलं तेल शहाबादी फरशीवर सांडलं. अव्वानं दोघांनाही पळवून लावलं. तसं हसणं मी पुन्हा हसले नाही.

त्याच दिवसांत मी तुला सांगितलं की डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधला, म्हणजे झाकणातला, कार्बन झिजलाय, आतले पितळी दात खाल्ले गेलेत, आत फिरणाऱ्या रोटरचं टोक जळालंय, पॉइंटना खड्डे पडलेत. हवा दमट झाली की गाडी मिसिंग करते ती ह्याच्यामुळं. सगळा सेट एकदम बदल. तू म्हणालास, "चालतंय की. चालत्या गाडीला हात लावायचा न्हाई." पॉइंट खराब झाला की काडेपेटीच्या कडेनं घासायचा आणि पुढं जायचं, ही तुझी विद्या. स्टँडवरच्या सगळ्यांची तीच. मी म्हटलं, हे पार्ट सांगून मरत नाहीत, अण्णा. आज चालतात आणि उद्या सकाळी नसतात. म्हणून ते जिवंत असतानाच काढायचे. तू म्हणालास, जिवंत असताना काढतात व्हय कुणाला.

मग मीच उद्यमनगरातल्या पार्टच्या दुकानात जाऊन सेट आणला. कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, प्लग. बी.एड. करताना शिकवण्या घेत होते, त्यातून आणला. आयुष्यात कुणासाठी घेतलेली माझी पहिली वस्तू. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. गाडी धुतलीस, पान्हे आणि जॅक पाटावर मांडलेस आणि मधोमध माझा सेट ठेवलास, डब्यासकट. हळदीकुंकू वाहिलंस, झेंडूचं फूल ठेवलंस. माझ्याकडं असं बघितलंस की मला वाटलं, आता जेवण झालं की बसवतोस.

तू तो उचलून काचेच्या कपाटात ठेवलास. डिनरसेटच्या शेजारी.

आपल्या घरची रीतच ती. नवं पातेलं जुन्याची कल्हई उडेपर्यंत माळ्यावर ठेवायचं, नवी चादर पाहुण्यांसाठी, नवं लुगडं ट्रंकेत. नव्या वस्तूला वापरात यायला जुनीनं मरावं लागायचं. मी दोनचारदा विचारलं तर म्हणालास, "पूजा झालेली वस्तू हाय. ठेव की. लागंल तवा हाय घरातच." घरात होती हे खरं. लागली तेव्हासुद्धा घरातच होती.

पुढच्या पावसाळ्यात मला मुलाखतीचं पत्र आलं. जयसिंगपूरच्या पुढं एका गावातल्या हायस्कूलला विज्ञान शिक्षिका. अप्पांनी कबनूरचं स्थळ धरून ठेवलं होतं, यंत्रमागवाले, घरचे माग. ते म्हणाले, ही एक मुलाखत दे. लागलीस तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. नाही लागलीस तर आल्या आल्या कबनूरला होकार कळवणार. हे त्यांनी तुझ्यासमोर सांगितलं. तुला माहीत नव्हतं असं नाही.

मी सकाळच्या एसटीनं निघणार होते. तुझा जीव त्यात खाली-वर झाला. "आमची गिरजा यष्टीत लोंबकळत जाणार व्हय? मास्तरीण व्हायला निघालीया. गाडीतनंच उतरंल." पोरं खिडकीतून बघतील, हेडमास्तर म्हणतील कोण आलं, असं सगळं तू हातवारे करून दाखवलंस. मला हसू आलं. मलाही गाडीतून उतरायचं होतं, का नसेल? घरातली पहिली शिकलेली मुलगी, इस्त्रीची साडी, हातात फाईल.

शिरोली मागं पडली तोवर सगळं ठीक होतं. पुढं एका ट्रकनं रस्त्यातलं पाणी आपल्या बॉनेटवर उडवलं आणि गाडीनं खोकायला सुरुवात केली. हातकणंगलं ओलांडलं आणि मेली. तू उतरून कॅप काढलीस, रुमालानं पुसलीस, परत लावलीस. चालू झाली. थोडी पुढं गेली, पुन्हा मेली. मी साडी खोचून गाडी ढकलली. मग मी कॅप तुझ्या हातातून घेतली आणि उजेडात धरली. आत केसाएवढा तडा होता, पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ. मी म्हटलं, बघ, ओल धरली की करंट ह्या रेघेतून पळतोय, प्लगपर्यंत जातच नाही.

"कळतंय मला," तू म्हणालास.

मी विचारलं, नवी कुठं आहे? तू डिकी उघडलीस, बंद केलीस, उगाच.

एक दुधाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "काय झालं पावणं? जयसिंगपूरला सोडू काय कुणाला?" मी फाईल उचलली. अण्णा, मी पाय उचलला होता. तू माझ्या दंडाला धरलंस. "परक्याच्या टेम्पोत, कॅनवर बसून जाणार व्हय? पाच मिंटात चालू हुतीया. थांब की जरा." त्याला तू हात जोडून पुढं पाठवलंस, हसून. घरची इज्जत सांभाळलीस.

ऊन पडलं, कॅप वाळली, तेव्हा गाडी चालू झाली. आपण पोचलो तेव्हा शाळेच्या शिपायानं खुर्च्या आत नेल्या होत्या. हेडमास्तर वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, माझे मार्क बघितले आणि म्हणाले, बाई, नाव पुकारून आम्ही बराच वेळ थांबलो. नेमणुकीचं पत्र दुसऱ्याला देऊन झालंय. तू बाहेर गाडी पुसत होतास.

येताना तू उसाचा रस घेतलास दोघांना. माझ्या ग्लासात बर्फ नको म्हणून सांगितलंस, माझा घसा धरतो म्हणून. तेवढं तुझ्या लक्षात होतं. बाकी सगळ्या वाटेत तू ऊस, पाऊस आणि खड्डे ह्यांवर बोललास.

दिवाळीनंतर माझं लग्न झालं. माझा नवरा वाईट माणूस नाही, हे मी तुलाही नेहमी सांगत आले. पण कबनूरच्या घरात मागांचा आवाज सकाळी सुरू होतो तो जेवताना थांबत नाही, आणि घरच्या बायकांनी कांड्या भरायच्या असतात. मी कांड्या भरल्या. मागात इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी, बाकी मागापर्यंत बाईचा हात जात नाही. सासूबाई कधी लाडानं, कधी खिजवून मला ‘बीएस्सी’ म्हणायच्या. "बीएस्सी, कांड्या संपल्या बघा." मुलांच्या शिकवण्या घ्याव्यात म्हणून ओट्यावर बसले, तर मागाच्या आवाजात न्यूटनचा नियम ओरडून सांगावा लागायचा. गल्ली हसायची.

आणि तू? तू त्याच वर्षी खंडेनवमीच्या आधी तो सेट कपाटातून काढून बसवलास. पुढं दरवर्षी. पॉइंट आणि कंडेन्सर चालू असताना बदलायचास, कॅप आणि रोटर चांगले असताना बदलायचास, प्लगच्या वायरी वाकवून वाकवून चिरा बघायचास. स्टँडवर नव्या पोरांना ऐकवायचास, पार्ट मरायच्या आधी काढायचा. डिझेलच्या नव्या गाड्या आल्या, त्यांना ना पॉइंट ना प्लग, लोक तुला हसले, तरी तुझं थांबलं नाही. मी एकदा माहेरी आले होते तेव्हा बघितलं, काढलेली जुनी कॅप तू पायरीवर ठेवून दगडानं फोडत होतास. चांगली दिसत होती. कुणाला तरी दे की, वहिनी म्हणाली. "कुणी परत बसवली म्हंजी?" तू म्हणालास आणि बारीक बारीक केलीस. मी दारात उभी होते. तुला दिसले. तू तुकडे गोळा केलेस आणि मला विचारलंस, चहा घेतलास का.

तेव्हा म्हणायचं होतंस, अण्णा.

त्याऐवजी तू काय केलंस? त्या दिवसाची गोष्ट केलीस. माझ्या मुलीच्या बारशात, पाहुण्यांत बसून. "आमच्या बीएस्सी बाईनं इस्त्रीच्या साडीत गाडी ढकलली! मुलाखत चुकली आन् नवरा घावला. बरंच झालं की. न्हाईतर आज खडू खात बसली असती." सगळे हसले. माझा नवरासुद्धा हसला. तू नक्कल छान करायचास. मी साडी खोचून कशी ढकलत होते, पदर चिखलात कसा पडला. टेम्पोचं मात्र कधी सांगितलं नाहीस. कपाटाचं तर नाहीच.

एका भाऊबीजेला मी ताट पुढं ठेवलं आणि विचारलं, तो सेट तू बसवला का नव्हतास? तू म्हणालास, कुठला सेट. मी म्हटलं, तुला माहीत आहे कुठला.

तू ताटाकडं बघत म्हणालास, "नशीब असतंय गिरजे. गाडी थांबली. मी थांबवली व्हय?"

"नशिबाला कॅप बदलता येत नाही," मी म्हटलं. "तुला येत होती."

"बीएस्सीसंगं कोण बोलणार बाबा," म्हणून तू हसलास आणि पुरी मोडलीस. मी ओवाळलं. तू ताटात साडी ठेवलीस, गुळगुळीत, भारी. ती मी नेसले. माझं साडीशी काही वाकडं नव्हतं.

आणि आपलं शेवटचं. माझी मुलगी डिप्लोमाला लागली. तिला सोडायला तू येणार म्हणालास. मी फोनवर नको म्हटलं. तरी तू आलास, गाडी धुऊन, हार घालून. मी तिची बॅग घेऊन एसटी स्टँडवर उभी होते. तू सगळ्यांदेखत, रिक्षावाल्यांच्या मधोमध, बॉनेट उघडलंस. "सगळं नवं घातलंय गिरजे. कॅप, रोटर, प्लग, वायरीसुद्धा. बघ तरी." तुझा आवाज बारीक झाला होता. इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी बघितलं नाही. मुलीला एसटीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. एसटी सुटली तरी तू बॉनेट धरूनच उभा होतास. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आजही नाही. मी बॉनेटमध्ये बघावं असं तुला वाटत होतं. मला तुझ्या तोंडाकडं बघायचं होतं, आणि तू ते बॉनेटच्या आड धरलं होतंस.

हे सगळं मी मनात ठेवून परत गेले असते. तुझ्या दारात बसून तुझे वाभाडे काढायला मी आले नव्हते. पण काल स्टँडवरचा दिलावर आला. तुझ्याच हाताखाली शिकलेला. वहिनीशी बोलला, माझ्याकडं वळला आणि एकदम ताठ बसला. शाळेत पालक बसतात तसा.

"बाई, शाळंला रजा टाकून आलासा व्हय?"

मला कळेना. तो सांगत सुटला. अण्णा सारखं सांगायचा म्हणे, माझी बहीण जयसिंगपूरच्या पुढं हायस्कूलला सायन्स शिकवती. नववी-धावी. पोरं टरकून असतात तिला. पार्ट मरायच्या आधी बदलायचा हे तिनंच मला शिकवलंय, ती मास्तरीण हाय, तिचं खोटं कसं असंल. मी हेडमास्तर होणार आहे, हेसुद्धा तू सांगून ठेवलं होतंस. गावाचं नाव तेच. दिलावरची मुलगी दहावीला गेली की बाईंच्या शाळेत घालू, असं तुमचं दोघांचं ठरलं होतं.

वहिनी माझ्याकडं बघत होती. तिला माहीत होतं, अण्णा. तिच्या डोळ्यांत दिसलं मला. ती डोळ्यांनीच सांगत होती, गेलेला माणूस आहे, असू दे.

मी क्षणभर त्या शाळेत होते, हे तुला सांगितलंच पाहिजे. फळ्यासमोर उभी होते. तू मला इतकी वर्षं तिथं रोज पाठवत होतास, स्टँडवर उभा राहून, चहा पिता पिता. वर्ग दिलास, विषय दिलास, बढती दिलीस. माझ्यासाठी कुणी एवढं केलं नाही. आणि मग मला इतका राग आला की हातातला कप खाली ठेवावा लागला. इतकं सगळं तुला सुचत होतं. एवढी मोठी शाळा उभी करता येत होती. आणि मला सांगायला तीन शब्द येत नव्हते.

"मी शिक्षिका नाही," मी दिलावरला म्हटलं. "कबनूरला असते. घरी कांड्या भरते."

तो हसला, मी चेष्टा करतेय असं वाटून. मग त्यानं वहिनीकडं बघितलं. वहिनीनं मान खाली घातली.

"मंग अण्णा आमच्याशी खोटं बोलत हुता व्हय?" इतक्या हळू विचारलं त्यानं. त्याला नाही असं ऐकायचं होतं. खोलीत आणखी चारपाच माणसं होती.

मी त्याला सगळं सांगितलं. खंडेनवमीचं सांगितलं, काचेच्या कपाटाचं सांगितलं, टेम्पोवाल्याचं सांगितलं. आवाज चढवला नाही. नक्कल केली नाही. कुणी हसलं नाही. शेवटी म्हटलं, माझी शाळा गेली ती अण्णामुळं.

वहिनी उठून आत गेली. दिलावर पायांत चपला घालून निघून गेला. त्याच्या मुलीचं काय ते त्यानं काढलं नाही, मीही विचारलं नाही.

ते वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकायला थांबले होते, अण्णा. बारशात थांबले, भाऊबीजेला थांबले, एसटी स्टँडवर थांबले. शेवटी तुझ्या घरात बसून, तुझ्या माणसांसमोर, तेसुद्धा मलाच म्हणावं लागलं.



— गिरिजा